धार्मिक वर्गाची अलिबाग सहल: तेफिला (प्रार्थना) न चुकवता समुद्र कसा गाठायचा

आपल्या बेने इस्रायल (ज्यू) समाजाचे मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगांतले हिब्रू वर्ग मुलांना वर्षातून एकदा तरी अलिबागला नेतात. इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये शहरीथ (सकाळची तेफिला), खंडाळ्याला एलियाहू हनाबी (प्रेषित एलिया) यांच्या घोड्याच्या टापांजवळ मलिदा (पोहे-गूळ-खोबऱ्याचा, फळांसह करायचा विधी), नवगावच्या स्मशानभूमीला भेट आणि मग समुद्र. बेत दरवेळी हाच असतो आणि गोंधळही दरवेळी तोच होतो. शहरीथची वेळ बसमध्येच टळते, मलिद्याला पाणी सुटलेलं असतं आणि मिन्हा (दुपारची तेफिला) मांडव्याच्या धक्क्यावर बोटीचा भोंगा ऐकत कशीबशी उरकली जाते. ओल्या कपड्यांत कुडकुडणाऱ्या मुलांकडून त्या वेळी कव्वाना (मन लावून प्रार्थना) मागणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

यातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच. आयोजक आधी बोट, बस आणि जेवण ठरवतात आणि तेफिला उरलेल्या फटींत बसवतात. क्रम उलटा हवा. तेफिलेच्या वेळा सूर्य ठरवतो, भरती-ओहोटी चंद्र ठरवतो, आणि या दोन्हींत आपल्याला काहीच बदल करता येत नाही. म्हणून कागदावर आधी त्या वेळा लिहा. बोट, बस, जेवण आणि खेळ त्यांच्याभोवती बसतात.

खालचे टप्पे साधारण चाळीस जणांच्या, एका दिवसाच्या सहलीसाठी आहेत. उदाहरणासाठी २४ जानेवारी २०२७ चा रविवार घेतला आहे.

टप्पा १: तारीख (दोन महिने आधी)

गेटवे ते मांडवा या साध्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. तिथूनच वर्षातले काही महिने कटतात. पेसाह ते शाबुओथ या सणांमधला सात आठवड्यांचा ओमेरचा काळ, बऱ्याच घरांत करमणूक टाळतात आणि ऊनही भाजून काढतं. तिश्रीत (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराचा हिब्रू महिना) सणांची रांग असते. राहतो सिमहाथ तोरा (तिश्रीतला शेवटचा सण) ते पुरीम (साधारण मार्चमधला सण) हा काळ, तोच सहलीचा मोसम.

त्यातही दोन फसव्या तारखा असतात. २० डिसेंबर २०२६ ला रविवार आहे, हवा छान असेल, शाळांना नाताळची सुट्टी लागत आलेली असेल. पण त्याच दिवशी तेबेथ या हिब्रू महिन्याची दहावी, म्हणजे उपास आहे. दुसरी फसवी तारीख खुद्द तू बिश्बातची, म्हणजे शेबात महिन्याच्या पंधरावीला येणाऱ्या झाडांच्या सणाची. एलियाहू हनाबीच्या उरुसाला खंडाळ्याला जाणं ही आपली जुनी रीत, पण २०२७ साली शेबातची पंधरावी २३ जानेवारीला, शनिवारी येते. शब्बाथला प्रवास नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीचा रविवार. मुलांना हे कारण आधीच सांगा. तारीख का सरकली हे कळलं की वर्गातला अर्धा धडा तिथेच शिकून होतो.

तपासा: सहल सोमवारी किंवा गुरुवारी ठेवत असाल तर शहरीथमध्ये सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) वाचायचा असतो. तो फक्त सिनेगॉगमध्ये आणि मिन्यान (दहा पुरुषांचा गट) असेल तरच. आपल्या सिनेगॉगमधला सेफेर सहलीसाठी बाहेर काढू नका.

तपासा: २६ जानेवारी मंगळवारी आहे. लोक सोमवारची रजा टाकून अलिबागला गर्दी करणार. परतीची बोट आधी आरक्षित नसेल तर अडकाल.

टप्पा २: सूर्याच्या वेळा काढा

सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा समान भाग करायचे. शेमाची (‘शेमा इस्राएल’ या पठणाची) वेळ पहिल्या तीन भागांत, शहरीथची अमिदा (उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना) पहिल्या चार भागांत. मध्यान्हीनंतर अर्धा भाग सरला की मिन्हाची वेळ सुरू होते आणि सूर्यास्ताबरोबर संपते.

२४ जानेवारीला अलिबागेत सूर्योदय साधारण सव्वासातला, सूर्यास्त साडेसहाच्या जरा आधी. म्हणजे एक भाग छप्पन्न मिनिटांचा. त्यावरून:

शेमा: सकाळी दहापर्यंत.
शहरीथ: अकराच्या आत.
मिन्हा: दुपारी एक वीसनंतर, सव्वासहाच्या आत.

हातात दहा मिनिटं राखून ठेवा. मोबाइलवरच्या पंचांगात शहर म्हणून अलिबाग किंवा मुंबई निवडलं आहे ना, ते पाहा. फोन आपोआप न्यूयॉर्क वा जेरुसलेमच्या वेळा दाखवत असला तर सगळं कोष्टक कोलमडेल.

टप्पा ३: चंद्राच्या वेळा काढा

कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. आपले हिब्रू महिनेही चंद्राचेच, तेव्हा हिब्रू तारखेवरून समुद्राचा अंदाज घरबसल्या येतो. पौर्णिमेनंतरच्या तारखेतून पंधरा वजा करून मग गुणा. अंदाज तासाभराने चुकू शकतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीच्या छापील किंवा ऑनलाइन तक्त्याशी ताडून बघा.

या हिशेबाने तू बिश्बातच्या आसपास भर दुपारी, बारा ते दीडच्या दरम्यान, पूर्ण भरती. भरती उधाणाची, पाणी जोरदार. त्यानंतर संध्याकाळपर्यंत पाणी ओढ घेत मागे जातं, आणि सहली नेमक्या याच वेळी पाण्यात उतरतात.

यातून दोन निर्णय होतात. पहिला, त्या दिवशी पोहणं नाही. घोट्यापर्यंत पाय भिजवायचे आणि खेळ वाळूत खेळायचे. दुसरा, कुलाबा किल्ला काठावरूनच बघायचा. किल्ल्यात पायी जाणं ओहोटीलाच जमतं, आणि तोवर तुमची परतीची बोट सुटलेली असते.

मुलांना किल्ल्यात न्यायचंच असेल तर हिब्रू महिन्याची अकरावी-बारावी किंवा सव्विसावी-सत्ताविसावी तारीख धरा. तेव्हा ओहोटी दुपारी दोन ते तीनच्या सुमारास येते. आठवी किंवा तेविसावी धरू नका. त्या दिवसांत ओहोटी दुपारी येते खरी, पण भांगेची असते, पाणी पुरतं हटत नाही.

सावधान: किल्ल्यात मिन्हाला थांबू नका. मिन्हा काठावर करून जा किंवा परत येऊन करा. अमिदा सुरू असताना मागे पाणी चढत असेल तर कुणाचंच लक्ष तेफिलेत राहत नाही, आणि राहिलं तर ते आणखी धोक्याचं.

टप्पा ४: मिन्यानची जुळणी

तेरा वर्षांवरचे दहा पुरुष म्हणजे मिन्यान. आयोजक नेमके दहा मोजतात आणि तिथेच गणित चुकतं. एक जण बसपाशी सामान राखत असतो, एकाला मुलाला घेऊन शौचालयात जावं लागतं, एकाची बोट चुकते. बारा-तेरा जणांचा शब्द घ्या आणि प्रत्येकाला सांगून ठेवा की तो मिन्यानमध्ये धरलेला आहे. नुसतं ‘येणार का?’ एवढं विचारलं तर माणूस ‘बघतो’ म्हणतो. ‘तुमच्यावाचून कद्दिश (मिन्यानमध्येच म्हणायची, मृतांसाठीही म्हटली जाणारी प्रार्थना) होणार नाही’ म्हटलं की येतो.

वर्गातली बार मित्स्वा (तेराव्या वर्षीचा विधी) झालेली मुलंही मोजा. पहिल्यांदाच मिन्यानमध्ये धरल्या गेलेल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि मुलगा दिवसभर जबाबदारीने वागतो.

माणसांना आकड्यांनी मोजायचं नाही, ही रीत मुलांना इथेच शिकवा. तेहिलीमच्या (स्तोत्रसंहितेच्या) अठ्ठाविसाव्या अध्यायातली ‘होशिआ एथ अम्मेखा’ ही ओवी बरोबर दहा शब्दांची आहे. एकेका पुरुषाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. ‘हाओलाम’पर्यंत पोचलात की मिन्यान पुरा.

मुलांच्या सुरक्षेच्या मोजणीसाठी वेगळी सोय करा. प्रत्येकाला गळ्यात अडकवायचं क्रमांकाचं कार्ड द्या. बोटीत चढताना कार्ड गोळा करायचं, उतरल्यावर परत द्यायचं. मोजायची ती कार्डं. शिवाय दोघा-दोघांच्या जोड्या लावा आणि जोडीदाराचं नाव पाठ करून घ्या.

तपासा: मिन्यान झालं नाही तर काय, हे आदल्या दिवशीच ठरवा. प्रत्येकाने आपापली तेफिला करायची. बारेखू, कद्दिश आणि केदुशा हे मिन्यान लागणारे भाग गाळायचे. दहावा माणूस येईल म्हणून मुलांना अर्धा तास ताटकळत ठेवू नका.

टप्पा ५: परवानग्या

मागेन अबोथच्या विश्वस्तांना किमान तीन आठवडे आधी लेखी कळवा: तारीख, वेळ, संख्या, प्रमुखाचा फोन. सिनेगॉगांत सुरक्षेचे नियम कडक असतात. ऐन वेळी चाळीस जण दारात उभे राहिले तर राखणदाराची कुचंबणा होते. मोठ्यांनी ओळखपत्रं बरोबर ठेवावीत. पालकांच्या संमतीपत्रात ॲलर्जी, चालू औषधं, बोट लागते का आणि पोहता येतं का, एवढे चार प्रश्न असले की पुरे.

बस मांडव्याला बोलावून ठेवा. बोटीच्या तिकिटासोबत मिळणारी बस अलिबाग स्थानकापर्यंतच जाते, खंडाळ्याला किंवा नवगावला नाही.

सावधान: बसच्या चालकाला नुसतं ‘खंडाळा’ म्हणू नका. फोनचा नकाशा तुम्हाला थेट लोणावळ्याच्या घाटाकडे वळवतो. ‘अलिबाग तालुक्यातलं सागाव-खंडाळे’ असं सांगा आणि नकाशावरची खूण त्याला आदल्या दिवशी पाठवा.

टप्पा ६: सामान

तेफिलीन (दंडावर आणि कपाळावर बांधायच्या, आत हस्तलिखित मजकूर असलेल्या चामडी पेट्या) आणि तालेथ (प्रार्थनेची शाल) एका वेगळ्या, बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि ती राखायला एकच माणूस नेमा. तेफिलीनला ऊन, दमट हवा आणि खारं पाणी सोसत नाही. तापलेल्या बसमध्ये काचेपाशी ठेवलेल्या पिशवीतले चौकोन वाकडे होतात, शाई तडकते. शहरीथ झाली की पिशवी सावलीत ठेवा आणि किनाऱ्यावर मुळीच आणू नका.

सिद्दुर (प्रार्थनेची पुस्तकं) जाड झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. लहान मुलांसाठी देवनागरीत लिहिलेली पानं छापून घेत असाल तर लक्षात ठेवा, त्यांवरही देवाचं नाव आहे. वाटलेली पानं मोजून परत घ्या. जेवणानंतर ती पत्रावळ्यांबरोबर कचऱ्यात जाणं, ही सगळ्यांत सर्रास आणि सगळ्यांत क्लेशदायक चूक आहे. फाटलेल्या पानांसाठी वेगळी पिशवी हवी.

किप्पाला (डोक्यावरच्या छोट्या टोपीला) चाप लावा, समुद्रावरचा वारा ती उडवतो. हात धुण्यासाठी दोन कानांचा तांब्या किंवा सरळ काठाचा मोठा मग आणि वीस लिटरचा पाण्याचा जार घ्या. नळाखाली हात धरला तर नेतिलाथ यादाइम (जेवणाआधीचं विधीचं हात धुणं) होत नाही, भांड्यातून पाणी ओतावं लागतं, आणि किनाऱ्यावर तर नळही नसतो.

टप्पा ७: जेवण

सगळं जेवण घरचं आणि शाकाहारी ठेवा. मटण नेलं की मुलांना दुपारनंतर आइस्क्रीम चालत नाही, भांडी वेगळी लागतात आणि दिवसभर ‘हे चालेल का, ते चालेल का’ हेच चालू राहतं. किनाऱ्यावरच्या खानावळीत पापलेट मागवावं असं वाटेल. पापलेटला पर आणि खवले आहेत, पण ते तळलं जातं कोळंबीच्याच तेलात. तोच प्रश्न भज्यांचाही.

मलिद्याकडे जास्त लक्ष द्या, कारण बिघडतो तोच. सकाळी पाचला घरी पोहे भिजवून, गूळ-खोबरं कालवून डबा भरला की अकरापर्यंत गुळाला पाणी सुटतं आणि ओलं खोबरं आंबूस होतं. सगळं सुटं न्या. जाडे पोहे कोरडे, गूळ किसून, वेलची कुटून, सुका मेवा चिरून. नारळ अख्खे न्या आणि सोबत एक विळी, किंवा पहाटे खवलेलं खोबरं बर्फाच्या डब्यात ठेवा. खंडाळ्याला पोचल्यावर पोहे चाळणीत पिण्याच्या पाण्याने धुवायचे, निथळत ठेवायचे, आणि दोन बोटांत दाबल्यावर कणी लागेनाशी झाली की मग खोबरं आणि गूळ. कालवायचं काम मोठ्या मुलामुलींना द्या.

फळांत खजूर, केळी, चिकू, संत्री, डाळिंब असं काही असू द्या. झाडाच्या फळांचा बेराखा (आशीर्वचन) आणि जमिनीच्या फळांचा बेराखा वेगळा, आणि केळं जमिनीच्या फळांत येतं. मुलं इथे हमखास चुकतात, तेव्हा आधीच्या रविवारी वर्गात सराव घ्या. सुके अंजीर आणि बोरं वाटण्याआधी चिरून आत अळी नाही ना ते पाहा.

टप्पा ८: प्रत्यक्ष दिवस

सकाळी साडेसहा, गेटवे. लहान मुलांना घरून थोडं खाऊन यायला सांगा. रिकाम्या पोटी बोट जास्त लागते, आणि त्यांना तेफिलेआधी खायला मुभा आहे. मोठ्यांनी चहा-पाण्यावर थांबावं. कार्डं वाटा, जोड्या लावा, ‘होशिआ’ म्हणून मिन्यान बघा.

सातच्या सुमाराची बोट. प्रवास तासाभराचा. गेटवे बराच मागे पडला, खुलं पाणी लागलं की तेफिलाथ हादेरेख (प्रवासाची प्रार्थना) एकाने मोठ्याने म्हणावी, बाकीच्यांनी आमेन म्हणावं. धक्क्यावर उभं राहून म्हणू नका, ती शहराबाहेर पडल्यावरची आहे.

सव्वाआठ, मांडवा. थेट अलिबाग. नवगाव वाटेवरच आहे म्हणून ‘आता आलोच आहोत तर’ असं म्हणत बस थांबवली जाते. स्मशानभूमीत चाळीस जणांचा पाऊण तास सहज जातो आणि शेमाची वेळ हुकते. नवगाव परतीला.

सव्वानऊ, मागेन अबोथ. तालेथ, तेफिलीन, शहरीथ. शेमा दहाच्या आत आली पाहिजे, म्हणून हजानांना (तेफिला चालवणाऱ्यांना) वेळ आधी सांगून ठेवा. मुलांना तेबाच्या (हजान उभे राहतात त्या चौथऱ्याच्या) जवळ बसवा, मागच्या बाकांवर नको. तेफिला संपल्यावर नाश्ता आवारात, विश्वस्तांना विचारून.

अकरा, खंडाळे. खडकावरच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकाच्या खुणा मुलांना दाखवा, एलियाहू हनाबींची कथा तिथेच सांगा. जागा नवसाची आहे, इतर लोकही येतात, त्यामुळे गटाने आवाज मर्यादेत ठेवावा. ‘एलियाहू हनाबी’ हे गीत, मग ओव्या, मग फळांचे आणि सुगंधाचे बेराखोथ, हजान सांगतील त्या क्रमाने. सब्जाची पानं किंवा गुलाब विसरू नका. बेराखा म्हटल्यावर लगेच चाखायचं. ताट फिरायला वेळ लागत असेल तर आधी सगळ्यांच्या हातात फळ द्या, मग बेराखा म्हणा.

साडेबारा, जेवण. चपाती किंवा पाव असेल तर आधी नेतिलाथ यादाइम, मग हामोत्सी (पावाचा बेराखा). बिरकत हामाझोनची (जेवणानंतरच्या प्रार्थनेची) पानं शेवटचा घास संपायच्या आधी वाटा. मुलं एकदा उठून पळाली की परत गोळा होत नाहीत.

दीड, मिन्हा. खेळाच्या आधी. या मुद्द्यावर कुणाचंही ऐकू नका. ‘आत्ता ऊन आहे, पाण्यातून आल्यावर करू’ असं कुणीतरी म्हणतंच. पाण्यातून आल्यावर तीन मोठी माणसं चहाला गेलेली असतात, मुलांच्या अंगाला वाळू असते आणि मिन्यान जमत नाही. कोरड्या कपड्यांत, सावलीत, पोट भरलेलं असताना मिन्हा पंचवीस मिनिटांत होते, आणि तिथून पुढे मुलांचा वेळ पूर्ण त्यांचा.

सव्वादोन ते साडेतीन, किनारा. आता मनसोक्त हुंदडू द्या. लगोरी, खो-खो, रस्सीखेच, वाळूत हिब्रू अक्षरं कोरायची शर्यत. सिसिथ (गाठी मारलेल्या दोऱ्यांचं आतलं वस्त्र) काढून पिशवीत ठेवायला सांगा. मुलींचा आणि मुलांचा खेळ वेगळ्या बाजूला ठेवला तर कपडे भिजले तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. पाण्याच्या रेषेवर दोन मोठी, पोहता येणारी माणसं पाठ समुद्राकडे आणि तोंड मुलांकडे करून उभी राहतील, आणि त्यांच्या पुढे कुणी जाणार नाही.

तपासा: दर वीस मिनिटांनी शिट्टी. शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून उभं राहायचं. खेळ सुरू करण्याआधी याचा एकदा सराव घ्या.

पावणेचार, नवगाव. पूर्वजांची बोट फुटली आणि वाचलेल्यांनी बुडालेल्यांना जिथे पुरलं, ती ही जागा. आत काही खायचं नाही, कबरींवर बसायचं नाही, डोकी झाकलेली हवीत. गटात कुणी कोहेन (पुरोहित घराण्यातला) असेल तर त्याने फाटकाबाहेर थांबावं, आणि त्याच्यासोबत कुणीतरी गप्पा मारायला थांबावं. मिन्यान असेल तर कद्दिश म्हणा. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी हात धुवायचे. जारमध्ये एवढं पाणी राखून ठेवा.

पाच, मांडवा. कार्डं गोळा करा, तेफिलीनची पिशवी आणि सिद्दुरांचा डबा नेमलेल्या माणसाच्या हातात आहे का पाहा. बोट तासभर उशिरा सुटली तरी आता काही बिघडत नाही, मिन्हा झालेली आहे.

टप्पा ९: परतल्यावर

अरवीथ (रात्रीची तेफिला) तारे दिसल्यानंतर, घरी किंवा जवळच्या सिनेगॉगमध्ये. दमलेल्या लहानग्यांना निदान शेमा म्हणून झोपवायला पालकांना गेटवेवरच सांगा.

दुसऱ्या दिवशी सिद्दुर उघडून वाळू झटका, ओलसर असतील तर पंख्याखाली वाळवा. ऊन देऊ नका, पानं वाकतात. फाटकी पानं गेनिझासाठी (देवाचं नाव असलेले जुने कागद ठेवायच्या जागेसाठी) सिनेगॉगमध्ये जमा करा. मागेन अबोथसाठी काढलेली त्झेदाकाची (दानाची) रक्कम आणि आभाराचं पत्र त्याच आठवड्यात पाठवा. ठरवलेल्या वेळा आणि प्रत्यक्षातल्या वेळा शेजारी शेजारी लिहून तो कागद वर्गाच्या फाइलमध्ये लावा. पुढच्या वर्षी सहल दुसरा कुणी नेणार असेल, तर त्याला सगळ्यांत आधी हाच कागद लागेल.